वरची लाकडं

॥ श्री ॥

पुणे,
११ जुलै १९७९

ती. सौ. अक्का हिस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं मागचं पत्र केव्हाच पोचलं. उत्तराला उशीर झाला म्हणून माझ्या नावानं बोटं मोडत असशील तर आता पुरे कर, भाताच्या आवणीला बोटं लागतील. आईचं बरं आहे. परवा आपल्या घोटावड्याचा दूधवाला तिचा निरोप घेऊन आला होता. पावसानं तिचे गुडघे धरलेत, पण जिभेला काही झालेलं नाही, तेव्हा काळजी नको.

आमच्या ऑफिसात पायी भटकणाऱ्यांचं मंडळ निघालं आहे, हे तुला लिहिलं होतं. चालायला मेलं मंडळ कशाला लागतं, असं तू विचारलं होतंस. लागतं, बाई. आमच्या मंडळाकडे शिट्टी आहे, नकाशा आहे, आणि सगळ्यांच्या पुढे चालणारे मोठे साहेब आहेत. ते शिट्टी आणि नकाशा दोन्ही वापरतात आणि तरीही वाट चुकतात. गेल्या शनिवार-रविवारी आम्ही राजगडाच्या अंगाला गेलो होतो. पाऊस असा, की छत्री उघडली रे उघडली की उलटी. पठारावर धुक्यात पुढच्याची पाठ दिसेना. एका चिखलात साहेबांचा बूट राहिला आणि पाय नुसत्या मोज्यानिशी वर आला. आम्ही सगळे ओणवे होऊन बूट शोधत होतो. सापडला तेव्हा आत खेकडा बसलेला! टायपिंगमधले एक गृहस्थ उतारावर घसरले ते बसल्या बैठकीला थेट ओढ्यापर्यंत पोचले, आणि खालून ओरडून म्हणाले की वाट सापडली.

मुक्काम एका देवळात केला. सगळे नखशिखांत भिजलेले, साहेबांना तर हुडहुडी भरली होती. नशिबानं थोडी कोरडी लाकडं मिळाली, म्हणून अंगं शेकता आली आणि खिचडीही शिजली. सगळ्यांनी माझं फार कौतुक केलं.

तुमच्याकडे कसं आहे? शनिवारी तुमची आवणी चालू होती का, आणि कुठल्या खाचरात? सहज विचारतो.

मामांना, मामींना आणि दाजींना नमस्कार. पावसाबरोबर लोभही वाढता असू द्यावा.

तुझा,
ज्ञानदेव

---

॥ श्री ॥

वरची वाडी, ताम्हिणी,
१६ जुलै १९७९

चि. ज्ञानदेव यास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. साहेबांच्या बुटातला खेकडा मी मामींना वाचून दाखवला. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. सासूला हसवणारी सून वाडीत मी एकटीच असेन. पण हसणं तेवढंच झालं, कारण त्याच आठवड्यात आमच्याकडे वाईट घडलं आहे.

गेणबा गेले. सोमवारी सकाळी, बसल्या जागी. आजोळी आलास की तुला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडून देणारे तेच गेणबा. वयच झालं होतं, त्याचं इतकं दुःख नाही. पुढं झालं ते वाईट.

आमच्याकडे मृग लागण्याआधी प्रत्येक घर एकेक ओंडका भैरोबाच्या पडवीतल्या माळ्यावर नेऊन टाकतं. पावसाळ्यात कुणी गेलं तर सरणाला कोरडं लाकूड असावं, म्हणून. त्याला सरणाची लाकडं असं कुणी म्हणत नाही, वरची लाकडं म्हणतात, आणि एकदा टाकली की तिकडं मान वर करून बघतही नाहीत. तुला हे नव्यानं सांगायला नको, पण पुण्यात राहून विसरला असशील म्हणून लिहिलं. तर माणसं लाकडं काढायला माळ्यावर चढली आणि वर काहीच नव्हतं. दोन सालपटं पडलेली, बस. बाहेर पाऊस कोसळतोय, गेणबा ओटीवर, त्यांची म्हातारी भिंतीला टेकलेली, आणि बाकीची माणसं एकमेकांकडं बघतायत. मामा घरी आले, कुऱ्हाड घेतली, आपल्या गोठ्यावर चढले आणि वासे सोडवायला लागले. मग हेही चढले. गेणबा आमच्या गोठ्याच्या वाशांवर गेले. आता म्हशी घरात आहेत. मी हे लिहिते आहे तेव्हा एक माझ्या मागं उभी राहून रवंथ करते आहे.

आळ रत्नाबाईवर आला आहे. देवळाला लागून राहते ती. नवरा गेल्यापासून भैरोबाचा दिवा तीच लावते. ती लेकीच्या बाळंतपणाला रिह्याला गेली होती, रविवारी संध्याकाळी परत आली. पडवीत राख दिसली, तशी तिनं ती भरून आपल्या भोपळ्याच्या वेलाला घातली आणि जमीन सारवून घेतली. माळ्याकडं बघायचं नाही, म्हणून तिनंही बघितलं नाही. आता लोकांना तिच्या वेलाखाली राख दिसते. कुणीतरी येऊन शेकोटी केली होती, असं ती सांगते, पण ऐकतं कोण? शनिवारी वरच्या वाटेनं शहरातली काही माणसं गेली खरी. पण मामा म्हणतात की परक्याला तो माळा अंधारात दिसायचा नाही. तिथं हात जाईल तो माहितगाराचाच.

तिला आता सावडीला कुणी बोलवत नाही. आमच्याकडं आज याच्या खाचरात सगळे, उद्या त्याच्या, अशीच आवणी होते. तिच्या खाचरात कुणी उतरलं नाही. रोप तयार आहे. एकट्या बाईच्यानं ते लावून होणार नाही, आणि रोप वयात गेलं की वर्षाचं भात गेलं.

तू विचारलंस म्हणून सांगते, शनिवारी आम्ही ओढ्याकाठच्या खाचरात होतो, वरच्या वाटेच्या अगदी खाली. राजगडाकडंही देवळात कोरडी लाकडं असतात हे वाचून बरं वाटलं.

पंचमीला न्यायला कधी येतोस ते कळव. आईला नमस्कार.

सदैव लोभ करणारी,
तुझी अक्का

---

॥ श्री ॥

पुणे,
२० जुलै १९७९

ती. सौ. अक्का हिस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. गेणबांचा खांदा मला आठवतो. ओढ्याच्या मधोमध आले की ते मुद्दाम थांबायचे आणि आता टाकतो बघ म्हणायचे.

पंचमीला मला येता येईल असं वाटत नाही. ऑफिसात तपासणी आहे, रजा मिळत नाही. रागावू नकोस. पुढच्या वर्षी नक्की नेईन.

मी एक विचार केला आहे. इथं आमच्या खोलीमागं लाकडाची वखार आहे. तिथून चांगली वाळलेली लाकडं टेम्पोनं पौडापर्यंत पाठवतो. पुढं दाजींनी बैलगाडी लावावी. गोठ्याला वासे होतील, आणि माळ्यावरही पुन्हा ठेवता येतील. आजोळचं इतकं खाल्लं आहे, एवढं करायला मला काय झालं? मामांना सांग, की भाच्याची इच्छा आहे, नाही म्हणू नका.

लाकडं आली की रत्नाबाईवरचा राग आपोआप निवळेल, असं वाटतं. तिचं रोप अजून किती दिवस तग धरेल? सगळे मिळून एक दिवस तिच्याकडं उतरले तर काय बिघडेल? तू मामांपाशी शब्द टाकून बघ. तुझं ते ऐकतात.

लोभ कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
ज्ञानदेव

---

॥ श्री ॥

वरची वाडी, ताम्हिणी,
३० जुलै १९७९

चि. ज्ञानदेव यास,
अ. उ. आशीर्वाद.

लाकडं पोचली. पौडापासून दोन गाड्या लागल्या. एक वाटेत चिखलात रुतली, ती काढताना यांच्या पाठीत लचक भरली आहे, रोज तेल चोळते. गोठा उभा राहिला. उरलेली लाकडं माळ्यावर गेली.

तुझं नाव आता वाडीत सगळ्यांच्या तोंडी आहे. पोरगा पुण्याला गेला पण आजोळ विसरला नाही, असं म्हणतात. गेणबांची म्हातारी आमच्या दारात येऊन तुझ्या नावानं बोटं कानशिलावर मोडून गेली. मामा कुणाचं कौतुक करत नाहीत हे तुला ठाऊक आहे, पण गाडी उतरवताना म्हणाले, की चांगुणेचं पोरगं माझ्या बहिणीचं नाव राखून हाय.

रत्नाबाईवरचा राग निवळेल असं तू लिहिलंस. झालं उलटंच. आता लोक म्हणतात, बघा, लांबचा भाचा घरची लाकडं धाडतो आणि देवळाच्या दाराशी राहणारी बाई मेल्याची लाकडं जाळते. आधी निदान कुणाला शंका तरी होती. पंचमीला बायका वारुळाला गेल्या, तेव्हा तिला कुणी हाक मारली नाही. ती मागून एकटीच आली, आणि सगळ्या निघून गेल्यावर तिनं पूजा केली. दिवाही तिच्याकडून काढून घेतला आहे. मामांपाशी शब्द टाकायचा म्हणतोस, तर काय सांगून टाकू? ते विचारतील, तुला काय ठावं हाय म्हणून.

माझं माहेरचं माणूस पंचमीला आलं नाही. मामी म्हणाल्या, पोरानं एवढी लाकडं धाडली, आता त्याला आणखी किती राबवशील? मी झोका घेतला नाही. पायात गोळे आले आहेत असं सांगितलं.

रत्नाबाईचं रोप पिवळं पडायला लागलं आहे. आठवडा, दहा दिवस. त्यापुढं ते लावून उपयोग नाही.

लोभ आहे तो आहेच.

तुझी,
अक्का

---

॥ श्री ॥

पुणे,
३ ऑगस्ट १९७९

ती. सौ. अक्का हिस,
कृ. सा. न. वि. वि.

राजगड खोटा आहे. आम्ही तुमच्याच पठारावर होतो. ज्या देवळात राहिलो तो भैरोबा. लाकडं मी काढली.

साहेबांनी त्या सहलीचे फोटो धुऊन आणले आणि सोमवारी ऑफिसच्या फळ्यावर लावले. त्यांत एक तुमच्या खाचराचा आहे. सगळ्या बायका इरली पांघरून ओणव्या, आणि मधोमध एकटी तू ताठ उभी. हातात रोपाची जुडी, तोंड वर, सरळ आमच्याकडं बघते आहेस. साहेबांनी खाली चिठ्ठी डकवली आहे, पठारावरची कासवं. येणारा-जाणारा थांबून बघतो आणि हसतो. दोन दिवस मी त्या फळ्यावरून मान खाली घालून गेलो. मग तुझं पत्र आलं, वाडीनं माझं कौतुक चालवलं आहे असं सांगणारं. ते मी अर्ध्यावर ठेवलं. पुढचं वाचवेना, ते रात्री वाचलं.

ते कासवांचं त्या दिवशी वाटेवरच एकानं म्हटलं होतं. मी हसलो. नुसता हसलो नाही, सगळ्यांहून मोठ्यानं हसलो. मला तू आधीच दिसली होतीस. इरल्यातही दिसली होतीस. मी रेनकोटाची टोपी पुढं ओढली आणि मधल्या माणसाच्या आडोशानं पुढं झालो. मंडळात आलो त्या दिवशी कुणीतरी मूळ गाव विचारलं, तेव्हा मी शनिवार पेठ सांगून बसलो होतो. त्याच्या आधी जेवणाच्या सुट्टीत ही माणसं आमच्या शिपायाच्या बोलण्याची नक्कल करत होती, न्हाई आणि हाय आणि लई. आई मला ज्या बोलीत हाक मारते तीच. एकदा शनिवार पेठ सांगितल्यावर मग तुझ्या दारात त्यांना कोणत्या तोंडानं आणणार? तुझं घर देवळातून दिसत होतं. चुलीचा धूर छपरातून वर येत होता. मी तिकडं पाठ करून बसलो.

साहेब थरथर कापत होते. ओली लाकडं पेटेनात. सगळे हताश होऊन बसले, आणि मला वाटलं, आता आपण काहीतरी करून दाखवावं. लहानपणी लपाछपीत मी त्या माळ्यावर चढलो होतो. मामांनी मला जन्मात एकदाच मारलं, ते त्या दिवशी. ती लाकडं काय आहेत हे मला पुरतं ठाऊक होतं, अक्का. विसरलो नव्हतो. मी चढलो आणि एकेक ओंडका खाली दिला. कसं कळलं म्हणून विचारलं, तर अंदाजानं म्हणालो. त्यांनी टाळ्या वाजवल्या. खिचडी चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली. एवढ्यात कोण मरतंय, असं मनाशी म्हटलं, आणि पुढच्या महिन्यात गुपचूप लाकडं आणून ठेवायचं ठरवूनही टाकलं.

मला माझीच किळस येते. रत्नाबाईला मी एकदा नीट पाहिलेलंही नाही, आणि तिच्या तोंडातला घास मी काढला.

हे पत्र तू मामांना आणि सगळ्या वाडीला वाचून दाखव. माझं नाव घालून वाच. माझी तिथं येऊन उभं राहण्याची ताकद नाही. पत्र वाचलंस की रत्नाबाईचं खाचर लागेल, एवढंच मला हवं आहे.

लोभ असू द्या असं लिहायला आज हात धजत नाही.

ज्ञानदेव

---

॥ श्री ॥

वरची वाडी, ताम्हिणी,
६ ऑगस्ट १९७९

ज्ञानदेवा,

तुझं पत्र मी वाचलं आणि चुलीत घातलं. कुणाला दाखवलं नाही, दाखवणारही नाही. मामांसमोर उभं राहून तुझं पाप मी वाचायचं, त्यांचं तोंड मी बघायचं, आणि तू पुण्यात बसून उत्तराची वाट बघायची? आईनं तुला इतकं लाडावलं नव्हतं.

मी तुला त्याच दिवशी ओळखलं होतं. उजवा पाय बाहेर फेकत चालायची खोड बाबांची, ती तुझ्यात उतरली आहे. धुक्यातून माणसांची रांग आली, आणि त्यांत बाबा चालत आल्यासारखे वाटले. मी उभी राहिले ती तुला हाक मारायला. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात हसणं ऐकू आलं, आणि त्यांतलं तुझं हसणं मला वेगळं कळलं. मी पुन्हा ओणवी झाले. शेजारच्या तुळजाबाईनं विचारलं काय बघत होतीस, तर पाठ धरली म्हणून सांगितलं.

माझं पाप तुझ्याहून कमी नाही, म्हणून तुला शिव्या देतानाही मला जड जातं. माळा मोकळा निघाला त्या क्षणी मला सगळं समजलं. गेणबा ओटीवर होते, मामा कुऱ्हाड शोधत होते, आणि मी कुऱ्हाड काढून त्यांच्या हातात दिली आणि गप्प राहिले. वाटलं, भावाचं नाव निघालं की माझं माहेर गेलं. सासर म्हणजे मामाचंच घर, तरी सासर ते सासरच. मग रत्नाबाईचं नाव निघालं. तेव्हाही गप्पच. आज बोलू, उद्या बोलू, असं करता करता तुझी लाकडं आली आणि मला आणखीच बांधून गेली. पाण्याला जायची वाट तिच्या बांधावरून आहे. ते पिवळं रोप मी रोज बघते. तीही मला रोज बघते.

तू येत्या रविवारी ये. स्वतःच्या तोंडानं सांग. रोप अजून लावण्यासारखं आहे, पण त्यापुढं नाही.

आईला यातलं काही कळवू नकोस.

अक्का

---

॥ श्री ॥

पुणे,
९ ऑगस्ट १९७९

ती. सौ. अक्का हिस,
कृ. सा. न. वि. वि.

रविवारी येतो. पौडाच्या पुढं एस.टी. मिळाली तर ठीक, नाहीतर पायी.

काल साहेबांपाशी गेलो आणि फळ्यावरचा फोटो काढायला सांगितला. ते हसत म्हणाले, का रे, कासवं ओळखीची आहेत का? मी सांगितलं, मधली माझी सख्खी बहीण आहे. त्यांना आधी चेष्टा वाटली. मग लाकडांचंही सांगितलं. त्यांनी उठून फोटो काढला, माझ्या हातात दिला आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले. संध्याकाळी निघताना म्हणाले, मीही येऊ का? मी नको म्हटलं. त्यांनी काय जाळलं हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

मामांना आधी काही सांगून ठेवू नकोस, म्हणजे मला त्यातलं काही गाळता येणार नाही. आणि तुला माहीत होतं, हे मी कुणापाशी काढणार नाही. ते माझ्याकडून कधीच बाहेर पडणार नाही, निर्धास्त राहा.

तुझा,
ज्ञानदेव

---

॥ श्री ॥

वरची वाडी, ताम्हिणी,
१४ ऑगस्ट १९७९

चि. ज्ञानदेव यास,
अ. उ. आशीर्वाद.

सुखरूप पोचलास ना? अंगात ओले कपडे घालून गेलास. मी यांचा सदरा काढून ठेवला होता, तो तसाच दांडीवर राहिला.

तू देवळात बोललास तेव्हा मामा खांबाकडं बघत होते, तुझ्याकडं नाही, हे तुला लागलं असणार. त्यांनी नुसतं इरलं पुढं केलं आणि रत्नाबाईच्या खाचराकडं चालायला लागले. तू निघून गेल्यावर ते जेवले नाहीत. रात्री मामींना म्हणाले, की पोरगं लाकडं धाडून गप बसलं असतं तर मला कदी कळलंच नसतं, आणि मी त्याचं गुणगान गात मेलो असतो. मग म्हणाले, त्याला आवणी येती अजून, रोप सरळ लावतोय. एवढंच. त्यावरून काय समजायचं ते तू समज. गेणबांच्या म्हातारीचं मात्र सांगवत नाही. ती तुझं नाव काढलं की तोंड फिरवते. तिला वेळ लागेल. कदाचित कधीच नाही.

खाचर सगळं लागलं. आता रोप जगलं की झालं. निम्मं तरी धरेल असं हे म्हणतात. वाडीतली माणसं खाली मान घालून लावत होती, हे तू पाहिलंसच. रत्नाबाई बांधावर उभी होती. ती उतरली नाही, आणि नकोही म्हणाली नाही.

आता मला तुला जे सांगायचं आहे ते. दिवा पुन्हा तिच्याकडं द्यायचं रविवारी ठरलं, आणि तेल घेऊन तिच्याकडं कुणी जायचं यावर सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. ज्या तिला तोंडावर बोलल्या होत्या, त्यांना लाज वाटत होती. मी म्हटलं, मी जाते. मी तर तिला कधी एका शब्दानं दुखावलं नव्हतं. भावाच्या वतीनं दोन शब्द बोलावे, एवढंच माझ्या मनात होतं. माझं स्वतःचं बोलायचं नव्हतं. तू रविवारी शब्द पाळलास, माझं नाव घेतलं नाहीस, आणि मला मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं. तेही तुला सांगून टाकते.

काल सकाळी गेले. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. तेल घेतलं. तू कसा गेलास, एस.टी. मिळाली का, विचारलं. मी म्हटलं, तो फार लाजून गेला आहे, त्याला पोटात घाला. ती म्हणाली, त्यानं समद्यांदेखत सांगितलं, आता माझं त्याच्यावर काई न्हाई. मी उठायला लागले तशी तिनं सूप खाली ठेवलं.

म्हणाली, चंद्रे, समद्या बाया मला बोलल्या. कोण चोर म्हणाली, कोण मढ्यावरची म्हणाली. तू एकटी कदी बोलली न्हाईस. तवाच मला उमगलं, हिला ठावं हाय.

मी परत खाली बसले. ती म्हणाली, तुजा भाऊ पुण्यासनं चालत आला. तू चार घरं चालून आली न्हाईस.

मग ती सूप घेऊन आत गेली. दार लावलं नाही, आत ये असंही म्हणाली नाही. मी बराच वेळ तिच्या अंगणात उभी होते, ज्ञानदेवा. मग घरी आले, आणि आज हे पत्र लिहायला बसले. तू मला वाचवलंस ते बरं केलं नाहीस.

आईला नमस्कार सांग. तुझा लोभ मागायचा तर आता मलाही तो विचारूनच मागावा लागेल.

तुझी,
अक्का